मानवी तस्करीतून सुटलेल्यांवरचा सार्वजनिक खर्च: तो नेमका कशाचा, आणि भरायचा कोणी?

जमाखर्च यांचा प्रश्न

मानवी तस्करीविषयी जे लिहिले जाते त्यातला मोठा भाग गुन्ह्याच्या स्वरूपाविषयी असतो: माणसे कशी फसवली गेली, कोणत्या मार्गाने नेली गेली, छापा कसा पडला. छाप्यानंतर सुटलेल्या माणसाचे पुढे काय होते, त्याच्या निवाऱ्याचा, उपचाराचा, वकिलाचा आणि दुभाष्याचा खर्च कोणत्या खात्यातून होतो आणि तो किती काळ चालतो, याविषयी सलग वाचायला फारसे मिळत नाही. सार्वजनिक वित्त हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे मी आकड्यांच्या बाजूने या प्रश्नाकडे वळलो, आणि आकड्यांपाशीच अडखळलो.

ब्रिटनच्या गृहखात्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आधुनिक गुलामगिरीच्या एका पीडितामागचा खर्च ३,२८,७२० पौंड धरला आहे आणि देशाचा एकूण खर्च ३.३ ते ४.३ अब्ज पौंडांच्या दरम्यान सांगितला आहे. युरोपीय आयोगाच्या २०२० च्या अभ्यासात एका पीडितामागचा आकडा ३,३७,४६२ युरो आणि एकूण आकडा सुमारे २.७ अब्ज युरो आहे. हे वाचणाऱ्याचा असाच समज होईल की सरकारे प्रत्येक पीडितासाठी एवढी रक्कम मोजतात. तसे असेल, तर निवारागृहात जागा नाही, समुपदेशकाची वेळ मिळत नाही, वकील मिळायला काही महिने थांबावे लागते, या तक्रारी कुठून येतात?

दुसऱ्या बाजूला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार सक्तीच्या श्रमांतून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा कमावला जातो. नफा खासगी खिशात आणि निस्तरण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीत, ही वाटणी मला कोणत्याही हिशेबाने योग्य वाटत नाही. तस्कराकडून वसुली करून पीडितांचा आधार चालवता येत नाही का? आणि जोवर पैसा सरकारचाच आहे तोवर, खटल्यात साक्ष देणाऱ्यालाच मदत, अशी अट सरकारने घातली तर त्यात गैर काय? जाणकारांनी शक्य तितक्या तपशिलाने लिहावे.

आकडेमोड यांचे उत्तर

आपण दिलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, परंतु ते सरकारी खर्चाचे आकडे नाहीत. अर्थशास्त्रात गुन्ह्याची सामाजिक किंमत काढण्याची जी पद्धत रूढ आहे तिच्यानुसार ते काढलेले आहेत. त्या पद्धतीत गुन्हा टाळण्यासाठी होणारा खर्च, गुन्ह्याचे परिणाम आणि गुन्ह्यानंतर यंत्रणेला करावा लागणारा खर्च, हे तिन्ही एकाच बेरजेत येतात. ब्रिटिश अहवालातल्या बेरजेचा सर्वांत मोठा हिस्सा, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक, पीडिताने सोसलेल्या शारीरिक आणि मानसिक यातनेचे पैशातले मोल आहे. निरोगी आयुष्याचे एक वर्ष गमावणे म्हणजे किती पौंडांचे नुकसान, असा एक प्रमाणदर आरोग्य-अर्थशास्त्रात वापरतात. बंदिवासाचा काळ आणि इजांची तीव्रता लक्षात घेऊन तो दर इथे लावलेला आहे. त्याखालोखाल मोठा हिस्सा वाया गेलेल्या काळाचा आणि उत्पादनाचा आहे, म्हणजे त्या व्यक्तीला त्या काळात स्वतःच्या मर्जीने जे काम करता आले असते त्याचे मोल. पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांचा खर्च याच्या मानाने लहान आहे. आरोग्यसेवा आणि पीडितांसाठीच्या आधारसेवा, म्हणजे आपण ज्याला पीडितांवरचा खर्च म्हणतो तो भाग, एकूण आकड्याच्या दोन टक्क्यांच्याही आत बसतो.

याचा अर्थ नीट पाहिला, तर त्या तीन लाख पौंडांपैकी बहुतेक रक्कम पीडित व्यक्तीने स्वतः, तिच्या शरीराने आणि आयुष्याच्या वर्षांनी भरलेली असते. तिजोरीतून गेलेली रक्कम त्यात नगण्य आहे. म्हणूनच एवढा मोठा आकडा आणि रिकाम्या हाताने परत पाठवले जाण्याच्या तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वृत्तपत्रांनी या आकड्याचे मथळे करताना ‘करदात्यांवर बोजा’ असे शब्द वापरले की माझी चिडचिड होते, कारण हिशेबात ज्याचे नुकसान झाले आहे त्यालाच तिथे खर्चाचे कारण म्हणून उभे केलेले असते.

एकूण आकड्याविषयीही सावध राहावे. ब्रिटनचे ३.३ ते ४.३ अब्ज पौंड हे एका व्यक्तीमागच्या खर्चाला १०,००० ते १३,००० या संख्येने गुणून आलेले आहेत, आणि ही संख्या म्हणजे २०१३ मधल्या संभाव्य पीडितांचा संख्याशास्त्रीय अंदाज होता. गुणाकारातला एक घटक एवढा सैल असेल तर गुणाकार त्याहून घट्ट होत नाही. युरोपीय अभ्यासातले २.७ अब्ज युरो एका व्यक्तीमागच्या आकड्याने भागून पाहिले तर सुमारे आठ हजार माणसे निघतात; सरकारी नोंदींत येणाऱ्या पीडितांची संख्या साधारण याच पट्ट्यात असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०२२ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगभरात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. एका बाजूला नोंदींवर उभा असलेला हिशेब आणि दुसऱ्या बाजूला हे कोट्यवधी. ज्यांना कोणी शोधलेलेच नाही त्यांची झीज कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

या पद्धतीची आणखी एक विसंगती आपल्यासारख्या हिशेबी वाचकाने ध्यानात घ्यावी. एखाद्या देशाने तपास वाढवला, अधिक पीडित ओळखले आणि त्यांना चांगल्या सेवा दिल्या, तर सेवांच्या रकान्यातला खर्च लगेच वाढलेला दिसतो. याउलट जो देश कोणालाच शोधत नाही त्याचा खर्च कागदावर जवळजवळ शून्य असतो. नोंदींवर आधारलेल्या अशा आकड्यांवरून देशादेशांची तुलना केली तर निष्काळजी देश काटकसरी ठरेल.

२३६ अब्ज डॉलरच्या अंदाजाबाबत एक पुरवणी. त्या अहवालानुसार सरासरी एका व्यक्तीमागे वर्षाला दहा हजार डॉलरच्या जवळपास नफा निघतो, परंतु ही सरासरी फसवी आहे: सक्तीच्या लैंगिक शोषणात एका व्यक्तीमागचा नफा २७,२५२ डॉलर, तर इतर खासगी क्षेत्रांतल्या सक्तीच्या श्रमात तो ३,६८७ डॉलर आहे. वसुलीची चर्चा करताना हा फरक मोठा ठरतो, कारण शेतात किंवा घरकामात राबवल्या गेलेल्या माणसाच्या शोषकाकडे जप्त करण्यासारखे फार काही सापडेलच असे नाही.

निवारा यांचे उत्तर

सुटकेनंतरच्या मदतकार्याशी माझा संबंध आला आहे, म्हणून वरच्या उत्तरात एका ओळीत आलेल्या ‘आधारसेवा’ या शब्दाखाली काय काय येते ते लिहितो.

पहिल्या काही दिवसांत सुरक्षित ठिकाणी झोपायला जागा, डॉक्टर, कपडे, आणि आपल्या भाषेत आपल्याशी बोलणारे कोणीतरी, एवढे लागते. यातला दुभाषा हा घटक बाहेरच्यांना किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्याच गावातून किंवा त्याच समाजातून आलेला दुभाषा तस्कराच्या ओळखीचा निघण्याची भीती पीडितांना खरोखर असते, आणि ती नेहमी निराधार नसते. त्यामुळे जवळ उपलब्ध असलेल्या माणसाऐवजी दूरचा दुभाषा फोनवरून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे तासांवर मोजावे लागतात. त्यानंतर कागदपत्रे येतात: पारपत्र तस्कराने काढून घेतलेले असते, आणि ओळखपत्र नसेल तर पुढचे एकही दार उघडत नाही. मग वकील, मानसोपचार, मुले असल्यास त्यांची शाळा, कौशल्यशिक्षण, आणि शेवटी निवारागृहाबाहेर स्वतंत्र राहण्याची व्यवस्था. या शेवटच्या टप्प्यासाठीच सर्वांत कमी तरतूद असते. त्याची परिणती अशी होते की निवारागृहाची मुदत संपल्यावर ती व्यक्ती पुन्हा त्याच कर्जाच्या, त्याच बेघरपणाच्या आणि पुष्कळदा त्याच दलालाच्या दारात उभी राहते. पहिल्या महिन्यांत केलेला सगळा खर्च अशा वेळी वाया जातो. माझ्या मते या विषयातली खरी उधळपट्टी हीच आहे, आणि ती कमी खर्च केल्यामुळे होते.

व्यवस्था कोणासाठी आखली आहे, हेही पाहावे. निवारागृहे बहुतेक ठिकाणी प्रौढ स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली, कारण तस्करी म्हणजे लैंगिक शोषण हेच चित्र धोरणकर्त्यांच्या मनात होते. बांधकामावर, मासेमारीच्या नौकांवर किंवा शेतमजुरीत अडकलेल्या पुरुषांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न आजही अनेक देशांत ऐन वेळी सोडवला जातो. मुलांचे प्रमाणही कमी नाही; संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारी कार्यालयाच्या २०२४ च्या जागतिक अहवालानुसार शोध लागलेल्या पीडितांपैकी ३८ टक्के मुले होती. वय निश्चित नसेल तर खात्री होईपर्यंत त्या व्यक्तीला बालक समजूनच वागवावे, असे युरोपातले नियम सांगतात, आणि ते योग्यच आहे, जरी त्यामुळे काही काळ महागडी बालसंरक्षण व्यवस्था पुरवावी लागते.

अलीकडे आणखी एक गट पुढे आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये नोंदवले की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून काम करायला लावले जात असावे. यांपैकी पुष्कळ जण शिकलेले, संगणकावर काम करणारे आहेत. ते सुटले तरी यंत्रणा त्यांना आधी आरोपी म्हणून पाहते, परवानगीपेक्षा जास्त काळ देशात राहिल्याचा दंड मागते आणि विमानाचे तिकीट कोणी काढायचे यावर दोन सरकारांची पत्रापत्री चालू राहते. पीडितालाच कोठडीत ठेवण्याचा खर्च कोणत्या रकान्यात दाखवतात, हे आकडेमोड यांनी कधीतरी सांगावे.

साक्षीच्या अटीबद्दल माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. युरोप परिषदेच्या २००५ च्या मानवी तस्करीविरोधी करारातील बारावे कलम सांगते की पीडिताची मदत साक्ष देण्याच्या तयारीवर अवलंबून ठेवू नये. त्याच करारातील तेरावे कलम किमान ३० दिवसांचा सावरण्याचा आणि विचार करण्याचा अवधी देते, ज्यात त्या व्यक्तीला देशाबाहेर काढता येत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशातही मदत तपासातील सहकार्याच्या अटीशी जोडू नये, असेच म्हटले आहे. यामागे केवळ करुणा नाही. जिची आई किंवा मुले तस्कराच्या आवाक्यात आहेत ती स्त्री पहिल्या आठवड्यात साक्ष देणार नाही. आणि मदतीसाठी साक्ष दिली असे दिसले, तर बचावपक्षाचा वकील नेमका तोच मुद्दा उचलून तिची विश्वासार्हता मोडून काढतो. इटलीने १९९८ च्या स्थलांतरविषयक कायद्यातील अठराव्या कलमात दोन वाटा ठेवल्या: एक तक्रारीतून जाणारी आणि दुसरी सामाजिक सेवांमार्फत जाणारी, जिच्यात तक्रारीची सक्ती नाही.

काटकसर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही त्यांत एक अडचण बाजूला राहिली आहे असे मला वाटते. तिजोरी मर्यादित असते आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक असतात: घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रिया, बेघर, निर्वासित. तस्करीच्या पीडितांसाठी स्वतंत्र आणि अधिक उदार व्यवस्था केली, तर आपण पीडित आहोत असे सांगण्याचे प्रलोभन वाढेल, हा आक्षेप केवळ निर्दय लोकांचा नाही. निकष नसतील तर ज्याची गरज सर्वांत मोठी आहे त्यालाच जागा मिळणार नाही. साक्षीची अट मलाही नको आहे, परंतु ओळख पटवण्याची प्रक्रिया काटेकोर असावी आणि मदतीला मुदत असावी, असे म्हणणे म्हणजे पीडितांच्या विरोधात जाणे नव्हे.

ब्रिटनचेच उदाहरण घ्या. तेथे २००९ पासून पीडित ओळखण्याची एक राष्ट्रीय यंत्रणा आहे आणि पहिला निर्णय अनुकूल आला की अंतिम निर्णयापर्यंत आधार मिळतो. कायद्यात किमान अवधी आता ३० दिवसांचा आहे. पूर्वी प्रत्यक्षात ४५ दिवस देत असत. मात्र २०२२ च्या सुमारास अंतिम निर्णयाला दीड वर्षाच्या आसपास काळ लागत होता. म्हणजे काही आठवड्यांसाठी आखलेली मदत दीड वर्ष चालवावी लागली. खर्च वाढला तो उदारपणामुळे की दिरंगाईमुळे, हे आधी ठरवायला हवे.

निवारा यांचे उत्तर

दिरंगाईविषयी आपण जे लिहिले ते अगदी खरे आहे, आणि ते पुढे नेले तर माझ्याच बाजूला येते. त्या दीड वर्षात, ज्यांनी आश्रयासाठीही अर्ज केलेला असतो अशा बहुतेकांना नोकरी करण्याची परवानगी नसते. काम करू शकणाऱ्या, किंबहुना काम करण्यासाठीच घर सोडून निघालेल्या माणसाला बसवून ठेवायचे आणि मग त्याच्या भत्त्याचा हिशेब काढायचा, हा खर्च पीडितावरचा नसून धोरणाचा आहे. काटेकोर प्रक्रियेला माझी हरकत नाही. परंतु काटेकोर आणि मंद हे दोन शब्द प्रशासनात फार सहज एकमेकांची जागा घेतात.

प्रलोभनाच्या मुद्द्यावर एवढेच म्हणतो की पीडितांची अडचण बहुधा उलटी असते. कित्येक जण स्वतःला पीडित मानतच नाहीत. कर्ज फेडायचे होते, आपण होकार दिला होता, मग तक्रार कसली, असे ते प्रामाणिकपणे समजतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या पालेर्मो शिष्टाचाराच्या, म्हणजे मानवी तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या, तिसऱ्या कलमानुसार बळजबरी, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा यांच्या आधारे मिळवलेला होकार कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरतो. हे त्या माणसाला समजावून सांगायलाच काही भेटी लागतात.

जमाखर्च यांची पुढील विचारणा

सर्वांचे आभार. खर्चाचा आकडा आणि सरकारी तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आकडेमोड यांच्या उत्तरामुळे स्पष्ट झाले. साक्षीच्या अटीबद्दल निवारा यांचा युक्तिवाद मला बचावपक्षाच्या मुद्द्यामुळे विशेष पटला. आता उरतो वसुलीचा प्रश्न. एवढा नफा असूनही तस्कराच्या पैशातून पीडितांना भरपाई का मिळत नाही? कायद्यातच त्रुटी आहे की अंमलबजावणीत?

कलमबहाद्दर यांचे उत्तर

त्रुटी दोन्हींत आहे, आणि पहिली त्रुटी थेट आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत आहे. पालेर्मो शिष्टाचाराच्या सहाव्या कलमात पीडितांच्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक पुनर्वसनाचे उपाय योजण्याचा राष्ट्रांनी ‘विचार करावा’ असे म्हटले आहे. भरपाईबाबत त्याच कलमाची भाषा थोडी कडक आहे, परंतु तीही भरपाई मिळण्याची ‘शक्यता’ देशांतर्गत कायद्यात असावी, एवढ्यावरच थांबते. गुन्हा ठरवण्याबाबत बंधनकारक आणि पीडितांबाबत सौम्य, अशी ही रचना २००० साली वाटाघाटींतून आली, आणि बहुतेक देशांनी आपले कायदेही त्याच तोलाने केले.

अमेरिकेत कायद्याची भाषा बरीच कडक आहे. तेथील २००० च्या कायद्यानुसार दोषी ठरलेल्या तस्कराला पीडिताची भरपाई करण्याचा आदेश देणे संघीय न्यायालयाला बंधनकारक आहे, आणि रक्कम मोजण्याची रीतही ठरलेली आहे: त्या व्यक्तीच्या श्रमातून तस्कराला मिळालेले एकूण उत्पन्न, किंवा किमान वेतन व जादा कामाच्या दराने होणारे मोल, यांपैकी जे अधिक असेल ते. दोषी व्यक्ती ऐपतदार असेल तर तिच्याकडून आणखी ५,००० डॉलर घेऊन ते पीडितांच्या सेवांसाठीच्या निधीत टाकण्याची तरतूद २०१५ च्या कायद्याने केली. कागदावर याहून चांगली तरतूद क्वचितच सापडेल. तरीही आदेश आणि वसुली यांच्यातले अंतर तिथेही मोठे आहे, कारण निकाल लागेपर्यंत पैसा नातेवाइकांच्या नावावर, दुसऱ्या देशात किंवा रोखीत विरलेला असतो.

ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात भरपाईचा स्वतंत्र आदेश आहे, परंतु मालमत्ता जप्तीचा आदेश झाला असेल तरच तो देता येतो. म्हणजे आर्थिक तपास झाला नाही, तर भरपाईचे दार मुळातच बंद. असे आदेश फारच थोडे निघाले आहेत. यावरून मी काढलेला निष्कर्ष असा, की भरपाईचे भवितव्य न्यायालयात ठरत नाही. पहिल्या छाप्याच्या दिवशी तपासपथकात कोणी बँक खाती, भाडेकरार आणि मोबाइलवरच्या पैशांचे व्यवहार पाहणारा अधिकारी होता की नाही, यावर ते ठरते. सुरुवातीलाच मालमत्ता गोठवली नाही तर शेवटी जप्त करायला काही उरत नाही.

ग्रीसचा एक खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे. मानोलाडा येथील स्ट्रॉबेरीच्या शेतांवर राबणाऱ्या बांगलादेशी मजुरांनी थकलेली मजुरी मागितली, तेव्हा एप्रिल २०१३ मध्ये पहारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तेथील न्यायालयाने तस्करीच्या आरोपातून सर्वांना मुक्त केले आणि जखमी मजुरांना मिळून १,५०० युरो, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४३ युरो भरपाई ठरवली. मजूर युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये ग्रीस सरकारला दोषी धरून, मूळ खटल्यात सहभागी असलेल्यांना प्रत्येकी १६,००० आणि इतर अर्जदारांना प्रत्येकी १२,००० युरो देण्याचा आदेश दिला. अर्जदार ४२ होते. काटकसर यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा: वेळेवर कामगार तपासणी केली असती आणि देशातल्या न्यायालयात योग्य भरपाई मिळवून दिली असती, तर जी रक्कम शेतमालकाच्या खिशातून जायची ती शेवटी करदात्यांनी भरली.

त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बल्गेरियाविरुद्धच्या एका प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. तस्कराने आपली देहविक्रयातील सगळी कमाई काढून घेतली म्हणून ती परत मिळावी, अशी एका पीडितेची मागणी होती. तो पैसा अनैतिक मार्गाने मिळाला असे म्हणून देशातल्या न्यायालयांनी ती फेटाळली होती. युरोपीय न्यायालयाने सांगितले की गमावलेल्या कमाईची भरपाई तस्कराकडून मागण्याचा मार्ग पीडितांना उपलब्ध करून देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. पीडितेच्या हातातला पैसा अनैतिक आणि तस्कराच्या हातातला मात्र सुरक्षित, असा जो अर्थ आधीच्या निकालांतून निघत होता तो यामुळे तरी पुसला जाईल.

वसुलीच्या विलंबावर मला सर्वांत व्यवहार्य वाटलेला उपाय नेदरलँड्सचा आहे. तेथे हिंसेच्या किंवा लैंगिक गुन्ह्यांच्या पीडितांसाठी २०११ पासून अशी सोय आहे, की न्यायालयाने ठरवलेली भरपाई निकाल अंतिम झाल्यावर आठ महिन्यांत गुन्हेगाराने दिली नाही, तर उरलेली रक्कम राज्य स्वतः पीडिताला देते आणि नंतर गुन्हेगारामागे लागते. यात काही रक्कम बुडणार, हे गृहीतच आहे. मात्र वसुलीची साधने राज्याकडे आहेत, पीडिताकडे नाहीत. म्हणून बुडण्याची जोखीमही राज्याने घेणे मला न्याय्य वाटते. आपल्या मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हेच: भरायचे तस्कराने, परंतु थांबायचे पीडिताने नाही.

काटकसर यांचे उत्तर

ग्रीसचा हिशेब केला: प्रत्येकी १२,००० धरले तरी पाच लाख युरोंच्या वर जातो. नेदरलँड्ससारखी आगाऊ भरपाई मला मान्य आहे, एका अटीवर: राज्याने गुन्हेगाराकडून प्रत्यक्षात किती वसूल केले ते दरवर्षी जाहीर करावे. नाहीतर एकदा रक्कम दिली गेली की वसुली करणाऱ्या खात्याला घाई उरत नाही, आणि तस्कराला हे सर्वांत आधी कळते.

निवारा यांचे उत्तर

ती अट मलाही मान्य आहे. आगाऊ भरपाईला जोडून दोन तरतुदी हव्यात, त्या इथे नोंदवून ठेवतो, कारण कायदा करणाऱ्यांना त्या सुचत नाहीत आणि नंतर मदतनीसांना निस्तराव्या लागतात. पहिली, भरपाईची रक्कम हातात आली की उत्पन्नाच्या निकषामुळे काही ठिकाणी त्या व्यक्तीचा घरभाडे भत्ता किंवा इतर मदत बंद होते. म्हणजे एका खात्याने दिलेले दुसरे खाते परत घेते. ही रक्कम अशा निकषांतून वगळण्याचे कायद्यातच लिहिले पाहिजे. दुसरी तरतूद कर्जाची. तस्कर पीडितांच्या नावावर कर्जे काढतात, फोन घेतात, घरे भाड्याने घेतात, आणि थकबाकीचा डाग त्या नावावर राहतो. पुढे घर किंवा नोकरी मागताना तो आडवा येतो. अमेरिकेने २०२१ च्या कायद्यान्वये अशा नोंदी पतअहवालातून वगळण्याची सोय केली आणि पुढच्या वर्षी तिचे नियमही आले. सरकारला यासाठी जवळजवळ काहीच खर्च करावा लागत नाही; पीडित व्यक्तीने आपण पीडित असल्याचे अधिकृत कागदपत्र पाठवले की नोंद काढणे पतअहवाल तयार करणाऱ्या संस्थांचे काम असते. निवारागृहाबाहेरचे पहिले घर मिळवताना असा एक कागद कित्येक महिन्यांच्या समुपदेशनाइतका उपयोगी पडतो.